मास्तरांनी फिरवलेला शेवट

विष्णुपंत मास्तरांनी मला फसवलं. हळदीच्या पेठेत मला फसवणारा अजून जन्मायचा आहे, असं मी चारचौघांत सांगत आलो. आणि घसा धरला तर एखादं हळकुंड, याउपर माझ्याकडून कधी काही न घेतलेल्या या माणसानं माझ्याच गादीवर बसून मला फसवलं.

दीड महिन्यापूर्वी ते साताऱ्याला भावाच्या घरी वारले. निरोप आला तेव्हा सौदा चालला होता. आमच्या पेठेत भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. मी हात काढून घेतला, सौदा मोडला… त्या दिवशी पुन्हा हात घातला नाही.

मी मूळचा कुंडलचा. सांगलीत पोती उचलायला आलो, पुढं स्वतःची अडत टाकली. मराठी वाचायला मी दुकानांच्या पाट्यांवरून शिकलो. इंग्रजीचं नावच नको. मास्तर हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. रविवारी दुपारी पेठ बंद असली की येऊन बसायचे आणि शंभर वर्षांपूर्वीची एखादी जाडजूड विलायती कादंबरी मला मराठीत सांगायचे. सगळ्या लग्नाच्याच. कुणाची जमीन किती, कुणाची आई कुणाच्या मागं लागली, नाचाच्या समारंभात कोण कुणाशी बोललं नाही… साहेबाचं काही निराळं असेल असं मला वाटलं होतं. ही तर आमच्यासारखीच सोयरीक, फक्त बग्गीतून आलेली.

"मास्तर, मागणी घालायला दोनशे पानं? आमच्यात एवढ्यात बारसं उरकतंय!"

"तात्या, ते लोक आधी मुलीला विचारतात. वेळ लागायचाच." असं म्हणून मास्तर आवाज न करता, नुसते खांदे हलवून हसायचे.

दुकानामागंच आमचं घर. आईविना वाढलेली माझी लेक शेवंता चहा आणून द्यायची आणि दाराआड उभी राहून ऐकायची.

लढाईच्या दिवसांत कडेगावच्या एका बागायतदाराच्या घरी मी तिची सोयरीक ठरवली. सुपारी फुटली. शेवंता एवढंच म्हणाली, "आबा, तुमी म्हणाल तसं." त्याच सुमारास मास्तरांची एक कादंबरी रंगात आली होती. नायिकेचं नाव माझ्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी तिचं मालन केलं. तिला एका इनामदाराची मागणी आलेली आणि ती आढेवेढे घेत होती. मला राग यायचा. "पोरगी येडी हाय का? एवढी जमीन, एवढा वाडा! हो म्हण की गं!"

शेवटच्या रविवारी मास्तरांनी पुस्तक तोंडासमोर धरून सांगितलं. मालननं इनामदाराशी लग्न केलं. त्या वाड्यात तिला कुणी काही विचारलं नाही. ती खिडकीशी बसून राहायची. तीन वर्षांत झुरून मेली.

मी चिडलो. चहा तसाच ठेवून उठलो. चार दिवस जेवण गोड लागेना. पाचव्या दिवशी कडेगावला गेलो आणि सुपारी मोडून आलो. तिथले थोरले मला अंगणातच म्हणाले, "हळकुंडसुद्धा वाळलं की पक्कं हुतंय. तुमचा शब्द न्हाई." ही गोष्ट पेठेत पोचली. एक अख्खा हंगाम कित्येकांनी माझ्याबरोबर रुमालाखाली हात घातला नाही. मास्तरांना सगळं ठाऊक होतं. ते रविवारी येत राहिले, मी चिडचिड केली की ऐकून घेत राहिले… वर्षभरानं त्यांनीच मिरजेच्या एका कंपाउंडरचं स्थळ सुचवलं. त्यांचाच जुना विद्यार्थी. जावई भला आहे. भाजीसुद्धा शेवंताला विचारून आणतो.

मास्तर गेल्यावर साताऱ्याला भेटायला गेलो तेव्हा मास्तरांच्या पत्नीनं तीच कादंबरी माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "तात्यांनाच द्यायची, असं बजावून गेलेत." येताना मी मिरजेला उतरलो. जावयाला म्हणालो, शेवटची पानं वाचून सांगा. आत शेवंता पोळ्या लाटत होती.

"मामा, शेवट गोड आहे," जावई म्हणाले. "ती नायिका आणि तिला मागणी घालणारा तो जमीनदार लग्न होऊन शेकोटीपाशी बसलेत. दोन मुलं आहेत. तिला विचारल्याशिवाय त्याचं पान हलत नाही, म्हणून सगळे त्याला हसतात."

आतलं लाटणं थांबलं. मग आवाज आला, "आबा, च्या टाकू का?"

मी चहा घेतला आणि निघालो. बोटांवरून माणसाच्या मनातला भाव ओळखणारा मी. पण मास्तरांचं तोंड त्या दिवशी पुस्तकाआड होतं आणि शेवंता, तुझं दाराआड. मास्तरांवर माझा राग टिकत नाही. पुस्तक मलाच द्यायला सांगून त्यांनी आपला गुन्हा कबूल केला. दुसरा तसा मित्र मला मिळायचा नाही. पण ते एकटे हे करायचे नाहीत. त्यात तू आहेस, आणि मी हे छापायला दिलंय ती वर्तमानपत्राची पुरवणी तुझ्या घरी येते. शेवट फिरवा म्हणून तू त्यांच्याकडं गेली होतीस का? मला 'नको' म्हणाली असतीस तर मी ऐकलं नसतं, हे मलाही कळतंय. तरी एकदा म्हणायचं होतंस. का नाही म्हणालीस? पत्र नको, जावयांकडून निरोपही नको. तू ये आणि माझ्यासमोर बसून सांग.