हात मांडीवर ठेवा

कळंबच्या शिवारात कांद्याच्या खुरपणीला गेल्यावर आई नेहमी इतर बायकांच्या उलट्या अंगाला बसायची. बाकीच्या बायका एका ओळीत पुढं सरकत आणि आई व माझी धाकटी बहीण वाफ्याच्या दोन बाजूंना समोरासमोर. बहीण जन्मापासून बहिरी होती. दोघींना बोलायचं तर एकमेकींचे हात दिसायला हवेत. एका हातात खुरपं असायचं आणि दुसरा हात बोलायला मोकळा. सहा-सात वर्षांची पोर ती, तिच्या हातून काम ते काय होणार. पण आईबरोबर रानात जायला तिला फार आवडे, कारण तिथं दिवसभर गप्पा चालत.

ती बोली दोघींनी मिळून केली होती. हवेत थापी फिरवली की वडील, कारण ते गवंडीकाम करायचे. कानामागं बोट नेलं की मी, कारण माझी पेन्सिल तिथं असायची. शेताची मालकीण कमरेवर हात ठेवून मान उडवायची, तेच तिचं नाव. मालकीण बांधावर उभी असली की बहीण तिच्या पाठीमागं अगदी तसंच करून दाखवी आणि आई हसू दाबत वाफ्यात बघत राही. बायका म्हणत, "काय गं मायलेकींनो, आमाला बी सांगा की, कुणाची मापं काढताय?" आई म्हणे, "तुमचीच."

मला त्यातलं अर्धंमुर्धं कळे, वडिलांना त्याहून कमी. आईला मात्र सगळं कळायचं. रात्री स्वप्नात काय दिसलं, तेसुद्धा बहीण सकाळी चुलीपुढं बसून तिला हातांनी सांगायची.

मी तेव्हा मंचरला अकरावीत होतो. वडील चौथी शिकलेले, आई शाळेत गेलेलीच नव्हती. पण शिक्षणाबद्दल आमच्या घरात आणि सगळ्या वस्तीत जी ओढ होती, ती शब्दांत सांगणं अवघड आहे. एखादं पोरगं दहावी पास झालं की विहारात त्याला सगळ्यांपुढं उभं करायचे. शिकलेल्या माणसानं एखादी गोष्ट सांगितली की ती पाळायची, एवढं साधं होतं. त्या वळणामुळंच मी घरातला पहिला पदवीधर झालो आणि त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

गावच्या शाळेत गुरुजींनी बहिणीला वर्षभर बसू दिलं. फळ्यावरची अक्षरं ती सुंदर उतरवून काढी, पण त्यांचा अर्थ तिच्यापर्यंत पोचवणं गुरुजींना जमेना. शेवटी त्यांनीच वडिलांना बोलावून घेतलं आणि हिच्यासाठी वेगळी शाळा बघा असं सांगितलं. मग आम्ही शाळा बघत फिरू लागलो. वडिलांना कामाचा खाडा परवडत नसे, म्हणून आईबरोबर मी जायचो.

पहिल्यांदा एका माणसानं आम्हाला मंदबुद्धी मुलांच्या शाळेत पाठवलं. त्याला वाटलं, बोलत नाही म्हणजे हिला समजत नाही. तिथल्या बाईंनी बहिणीपुढं लाकडी ठोकळे ठेवले. तिनं ते भराभरा जुळवले आणि शेजारच्या मुलाचेही जुळवून दिले. बाई हसायला लागल्या. ही हुशार आहे, हिची जागा इथं नाही, असं म्हणून त्यांनी जुन्नरच्या बाजूला बहिऱ्या मुलांची निवासी शाळा आहे तिचा पत्ता दिला. परतीच्या एसटीत आई खूश होती. पोर हुशार आहे हे तिला माहीत होतंच, पण शिकलेल्या बाईंच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकलं होतं.

जुन्नरला जायला नारायणगावला गाडी बदलावी लागे. शाळा गावाबाहेर होती, पुढं मोकळं पटांगण आणि मागं मुलामुलींची वसतिगृहं. मी तर बघतच राहिलो. आमच्या गावच्या शाळेत बाकं पुरत नसत, आणि इथं एका वर्गात मोजकी मुलं, प्रत्येकाच्या छातीवर पट्ट्यात बांधलेलं कानाचं मशीन. एका खोलीत मोठा आरसा होता. त्याच्यापुढं एक बाई लहान मुलाला मांडीशी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी स्वतःच्या ओठांपुढं कागदाची बारीक पट्टी धरली आणि 'प' म्हटलं. पट्टी हलली. मग त्यांनी ती मुलाच्या ओठांपुढं धरली. मुलानं बरेचदा नुसती हवा फुंकली आणि मग एकदा खरंच 'प' आला. मुलगा आरशात स्वतःकडं बघून हसला.

आई माझ्या कानाशी लागली. "ही बोलंल, व्हय रे?"

त्याच बाई पुढं आमच्या बहिणीच्या बाई झाल्या. वयानं तिशीच्या आतबाहेर असतील. कामाबद्दल त्यांना मनापासून तळमळ होती, हे मी आजही म्हणतो. त्या आमच्याशी बोलत असताना बहिणीनं आईचा पदर ओढला आणि हातांनी काहीतरी विचारलं. आईनंही हातांनीच उत्तर दिलं. बाई बोलायच्या थांबल्या. त्यांनी पुढं होऊन आईचे दोन्ही हात धरले आणि हळूच तिच्या मांडीवर ठेवले.

"ताई, आजपासून हात मांडीवर ठेवा," त्या म्हणाल्या. "हातांनी काम भागलं तर ही तोंड कशाला उघडेल? तिनं तुमच्या ओठांकडं बघायला शिकलं पाहिजे. तुम्ही हात हलवाल तेवढी ती मागं पडेल."

आईनं मान डोलावली. बहिणीनं पुन्हा पदर ओढला तेव्हा आईचे हात मांडीवरच होते.

त्या जूनमध्ये बहीण वसतिगृहात राहायला गेली. पहिली पालकभेट दिवाळीच्या आधी होती. एका मोठ्या खोलीत सतरंजीवर आईबाप बसले होते. कुणी आदिवासी भागातून आलेले, कुणी बाजारपेठेतले. बाई एकेका मुलाला पुढं आणत. बहिणीची पाळी आली. बाईंनी तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला, मग तिचाच हात तिच्या गळ्यावर. बहिणीनं आईच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "आ-ई."

आवाज घोगरा होता आणि दोन अक्षरांच्या मधे मोठी फट होती. आईनं पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाया रडू लागल्या. बाईंचेही डोळे भरले होते. त्या दिवशी आईच्या मनात बाईंचा शब्द कायमचा पक्का झाला. हात मांडीवर ठेवले म्हणून पोरगी आई म्हणाली, असा तिचा सरळ हिशेब होता. मलाही तसंच वाटलं. तेव्हा कुणाला वेगळं वाटलं असेल, असं मला वाटत नाही.

सुट्टीला बहीण घरी आली ती सांगायच्या गोष्टी घेऊनच. ओट्यावर चढायच्या आधीच तिचे हात सुरू झाले. आईनं तिला जवळ बसवलं, स्वतःचे हात मांडीखाली दाबून धरले आणि तोंड मोठं उघडून म्हणाली, "पाणी? पाणी पायजे?" बहिणीला पाणी नको होतं. तिला वसतिगृहातल्या कुठल्यातरी मुलीबद्दल काही सांगायचं होतं. तिनं आईचे हात मांडीखालून ओढून काढले. आईनं ते पुन्हा आत घातले. बराच वेळ हे चाललं. बहीण चिडली, जमिनीवर पाय आपटू लागली, मग रडली. आईही रडली, पण हात बाहेर आले नाहीत. वडील म्हणाले, "अगं, घरातल्या घरात कोन बघतंय?" आई म्हणाली, "बाईंनी सांगितलंय. तुमी तिचं नुस्कान करू नका."

पुढच्या सुट्टीत ओढाताण कमी झाली आणि त्याच्या पुढच्या सुट्टीत बहिणीनं आईचे हात ओढलेच नाहीत. ती मोजके शब्द बोलायची. आई, भाकरी, बस, जाते. आई लगेच उत्तर द्यायची, ओठ मोठे करून. तेवढं झालं की दोघी गप्प. खुरपणीला गेल्या तर बहीण आता बायकांच्या ओळीतच बसायची. त्या बायकांपैकी एकीनं मला विचारलंही, "तुझी बहीन लई गप झाली रं. शाळेत मारत्यात का काय?" शाळेत मारत नव्हते. शाळेत ती चांगली शिकत होती. लिहायला-वाचायला लागली होती, शिवणात तिचा हात बसला होता. मला ती पत्रं लिहायची, छोट्या छोट्या वाक्यांची. मी ती आईला वाचून दाखवायचो. आई म्हणायची, "अजून काय लिवलंय?" त्यात अजून काही नसायचं.

वसतिगृहात मात्र तिचे हात बंद नव्हते. हे मला एका भेटीत अचानक दिसलं. वर्ग सुटल्यावर बाईंची पाठ वळली आणि पटांगणात मुलींचा घोळका हातांनी बोलू लागला, इतका भराभर की माझी नजर पोचेना. माझी बहीण मधोमध होती. काहीतरी सांगून तिनं सगळ्यांना हसवलं. आई माझ्या शेजारी उभी राहून ते बघत होती. तिला त्यातलं काही कळलं नाही. दोघींची बोली ती नव्हतीच, मुलींनी मुलींपासून उचललेली ती वेगळीच होती. आईला पाहताच बहिणीनं हात खाली घेतले आणि म्हणाली, "आई. बस?" कधी आलात, गाडी मिळाली का, असं सगळं त्या दोन शब्दांत होतं.

बहिणीला पहिलं न्हाण आलं तेही आईला बाईंकडून कळलं. ते वसतिगृहातच झालं आणि बाईंनीच सगळं समजावून सांगितलं. आई घरी येऊन एवढंच म्हणाली की बाई लई चांगल्या आहेत.

वर्षं गेली. मी बी.ए. झालो, मंचरला एका शाळेत लिपिक म्हणून लागलो. दोन हजार सालानंतर जुन्नरच्या त्या शाळेचंही वारं बदललं. पुण्याहून शिकवायला माणसं आली आणि खुणांची भाषा वर्गात शिकवायची असं ठरलं. ज्या मुलींनी ती चोरून वापरली होती, त्याच आता शिक्षकांना शिकवायला मदत करू लागल्या. बाई स्वतः ती शिकल्या. बहीण तिथंच शिवणवर्गाला मदतनीस म्हणून राहिली. तिच्याच शाळेत शिकून गेलेला पिंपळवंडीचा एक मुलगा नारायणगावला वेल्डिंगच्या दुकानात होता. दोघांनी आपसात ठरवलं. मुलगा आमच्यातलाच, सज्जन. दोन्ही घरं बाईंनीच एकत्र आणली. लग्न विहारात करायचं ठरलं.

बोलणी झाल्यावर आई बेचैन दिसू लागली. लग्नाआधी आईनं मुलीला सांगायच्या काही गोष्टी असतात. त्या लिहून द्याव्यात तर आईला लिहिता येत नव्हतं आणि माझ्याकडून लिहून घेण्यासारख्या त्या नव्हत्या. बहिणीला सुट्टी होती तेव्हा आईनं प्रयत्न केला. मी ओसरीवर होतो. आतून आईचा आवाज येत होता, तोच एक शब्द पुन्हा पुन्हा, सावकाश, मोठ्यानं. मधे ती थांबली. मी सहज वळून बघितलं तर तिनं हात वर उचलले होते आणि ते तसेच अधांतरी राहिले होते. तिला काही आठवत नव्हतं. बहिणीनं तिचे हात धरून खाली घेतले आणि म्हणाली, "असू दे."

दोन दिवसांनी आई मला म्हणाली, "मला शाळंत घिऊन चल. बाईंना म्हनावं, तुमी सांगा."

आम्ही गेलो. बाईंचे केस आता पिकायला लागले होते. त्यांनी बहिणीला शिवणवर्गातून बोलावलं. आईनं अडखळत काम सांगितलं. बाईंना नवल वाटलं. त्या म्हणाल्या, "अहो, ताई, हे तुम्हीच सांगा ना. माझ्यापेक्षा तुमच्या घरच्या खुणा तिला जास्त कळतील."

"खुना न्हाईत आता," आई म्हणाली. "तुमी म्हनाला व्हता ना, हात मांडीवर ठिवा."

बाईंनी आईच्या हातांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "ताई, ते घरी कुणीच पाळत नव्हतं. आम्हाला ठाऊक होतं. पालक फाटकाबाहेर गेले की बसस्टॉपवरच हात सुरू करायचे. मी वरून बघायची आणि गप्प बसायची."

"आमी पाळलं," आई म्हणाली.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. विचारलेल्याचं उत्तर द्यावं तसं ती म्हणाली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा आईच त्यांना म्हणाली की तुमच्यामुळं पोर पायावर उभी राहिली, असं करू नका. तेही खोटं नव्हतं.

मग बाईंनी मला बाहेर व्हरांड्यात जायला सांगितलं. दार त्यांनी लोटलं, पण ते पूर्ण लागलं नाही. शब्द माझ्यापर्यंत येत नव्हते आणि ऐकायचं माझ्या मनातही नव्हतं. तिघी तीन खुर्च्यांवर बसलेल्या दिसत होत्या. आई बाईंकडं बघून बोलायला लागली. बाईंनी तिला खूण केली, माझ्याकडं नको, तिच्याकडं बघून बोला. आईनं खुर्ची वळवली. ती आता थेट मुलीच्या तोंडाकडं बघून बोलत होती, अगदी हळू, मधेमधे डोळे पुसत. आणि बहीण लक्ष देऊन बाईंच्या हातांकडं बघत होती.