लुगड्याच्या मापाचे छप्पर

कॉफी निवण्याआधी ऐकून घ्या, आणि कृपा करून मध्येच हसू नका. माझ्या हातून घडलेली ही फजिती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. आमच्या शेजारच्या मामींनी मात्र ती सबंध तंजावुरात सांगितली आहे.

जुन्या मॅट्रिकला गणितात मी पहिली आले होते, हे तुम्हाला माहीत असेलच. नसेल, तर आपली भेट झाली त्या दिवशी मी आजारी असले पाहिजे.

त्या वर्षी आमच्या सुमतीचे पहिले बाळंतपण होते. ती लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून आमचे घर अगदी नीटनेटके राहू लागले होते, आणि मला तो नीटनेटकेपणा मुळीच सोसवत नव्हता. बाळंतपणाला ती येणार, एवढ्याच आशेवर मी होते. तोच विहीणबाईंनी कळवले, की मागच्या खेपेस मुलगी तुमच्याकडे माजघरात सर्वांच्यात झोपली. बाळंतिणीला स्वतंत्र खोली नसेल, तर आम्ही तिला इथेच ठेवून घेऊ.

आता सांगा, कोणती आई स्वस्थ बसेल?

मागे आमच्या कोठीपासून मामींच्या भिंतीपर्यंत जागेची एक उघडी पट्टी होती. तिच्यावर जस्ती पत्रे घातले, पुढे कूड आणि दार लावले, की खोली तयार. उन्हासाठी वर नारळाच्या झावळ्या पसरायच्या. प्रश्न होता फक्त पत्रे किती आणायचे, याचा.

आमचे हे कचेरीतून टेप मागून आणतो म्हणाले. मी म्हटले, नऊवारी घरात असताना टेप कशाला? नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट, यात आजपर्यंत बदल झालेला नाही. मी ट्रंकेतले जुने हिरवे लुगडे काढले. ते आता नेसायचे नाही, मळले तरी चालेल, असे मी यांना सांगितले. खरे तर सुमतीचा पाळणा त्याच लुगड्याचा बांधला होता. तिची खोली त्यानेच मोजावी, असे मनात आले.

पदर धरून मी कोठीशी, आतले टोक धरून हे मामींच्या भिंतीशी. लुगडे नेमके पुरले. हे म्हणाले, एकदा टेपनेही पाहू या. मी यांच्याकडे नुसते पाहिले. विषय संपला.

पत्रे आले, माणसे वर चढली, आणि शेवटचा पत्रा सरळ भिंतीपलीकडे गेला. कापू का, असे त्यांनी विचारले. कापायचा म्हणजे माझे गणित चुकले असे म्हणायचे! मी सांगितले, भिंत बांधणाऱ्याने वाकडी बांधली असेल. सगळे पत्रे ठोका.

पहिल्याच सरीला पन्हाळीसारखे पाणी मामींच्या वाळत घातलेल्या वडामांवर, म्हणजे तांदळाच्या पापड्यांवर, कोसळले. मामी भिंतीशी आल्या आणि अत्यंत गोड तमिळमध्ये म्हणाल्या, "तुमचे छप्पर आमच्याकडे मुक्कामाला आले आहे. पान वाढू का त्याला?"

मीही तितक्याच गोडपणे सुचवले, की आपली भिंत आमच्या बाजूला सरकली आहे का, तेवढे पाहून घ्यावे. त्यानंतर आमचे बोलणे बंद झाले.

अखेर सुमती आली. पायांवर पाणी घेण्याआधीच ती मागे गेली आणि छप्पर पाहून भिंतीला टेकून हसू लागली. "आई, कशाने मोजलेस गं हे?"

"तुझ्या पाळण्याच्या लुगड्याने. पुरते नऊ वार."

तिचे हसू थांबले. आपल्या पेटीतून तिने हिरव्या कापडाची एक घडी काढली.

"आठच वार आहे ते. मागच्या खेपेस आतले टोक मी कापून नेले. तिकडे झोपच येत नव्हती मला."

"मग सबंध का नाही नेलेस?"

"तुला काय उरले असते?"

हे छपराकडे पाहत राहिले. भिंतीपलीकडे मामींचा सुपाने पाखडण्याचा आवाज थांबला. मी काय बोलते याची सगळेच वाट पाहत होते. वर्षभर तिला सांगण्यासारखे किती काय मी मनात साठवले होते. मी ते कापड हातात घेतले, उजेडात धरले, आणि म्हणाले,

"कडेला टीप का नाही घातलीस? बघ, किती दोरे सुटलेत."