लॅबकाकांचा घासलेला पत्रा

लॅबकाकांचा प्रयोग त्यांच्या कॉलेजच्या विभागप्रमुखांनी स्वतःच्या नावावर केला. काका गेले, आता कोण विचारतंय, असं साहेबांना वाटलं असेल. रत्नागिरीत माझं भंगाराचं दुकान आहे. मी विचारणार.

काका भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. घासाघिशीत मला हरवणारा तो एकच माणूस. जुन्या ट्रान्सफॉर्मरचे पत्रे उन्हात तिरके धरून तासभर निवडायचे. मी खेकसले की म्हणायचे, "ओरड गो शेठाणी, ओरड. तोवर माझे दोन पत्रे बघून होतात."

एकदा मला प्रयोग दाखवायला नेलं. मोडक्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची काळसर फिल्म त्यांनी लेसरपुढे लावली होती. तिच्यातून गेलेला उजेड म्हणे एकाच दिशेत थरथरतो. तो आरशासारख्या घासलेल्या पत्र्यावरून परतून दुसऱ्या फिल्ममधून मीटरवर जायचा. काकांनी पत्र्याशेजारच्या विजेच्या चुंबकाचा प्रवाह उलटा केला. सुई केसभर हलली.

"एवढंच?"

"एवढंच! पत्र्याचं चुंबकत्व फिरलं की परतणाऱ्या उजेडाची दिशा जराशी कलते. अगो, नुसत्या डोळ्यांना कळत असतं तर सहा पावसाळे कशाला घालवले असते?"

आपल्या खाऱ्या हवेत तो पत्रा दोन दिवसांत तांबूस व्हायचा. म्हणून काका रोज काम संपलं की तो कागदात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवत. घरी मिठाच्या बरणीत तांदूळ टाकतात, तसंच. साहेबांनी हे कधी पाहिलंच नाही.

काका वारल्यावर महिनाभरात प्रयोग काचेच्या कपाटात गेला. वर पितळी पाटी, पाटीवर साहेबांचं नाव. पत्राही त्याच कपाटात. पाहुण्यांसमोर साहेबांनी प्रवाह उलटसुलट करून पाहिला, सुई ढिम्म. पत्रा गंजला होता.

परवा साहेब स्वतः दुकानात आले. "बाई, तसला पत्रा आणखी आहे का?"

आहे. काकांनीच घासून ठेवलेला.

"आधी पाटी बदला," मी म्हटलं.

"अहो, परिचराचं नाव कसं लावणार?"

मी त्यांना दुकानाबाहेर काढलं. पण प्रश्न मिटलेला नाही. नाव का लावलं नाही, ते साहेबांनी सांगायचं आहे. मला नाही. पूर्णगडला जाऊन, काकांच्या बायकोसमोर बसून, तिच्या तोंडाकडे बघत सांगायचं.