शॅडो बाई

निपाणीत मला माझ्या नावानं ओळखणारी माणसं थोडी. बाकी सगळे 'शॅडो बाई' म्हणतात. हे बिरूद मला कुणी चिकटवलेलं नाही. मी माइकपुढं उभं राहून, हातात रुमाल घेऊन, स्वतः कमावलंय.

तेव्हा मी बावीस-तेवीसची असेन. तिथल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायची आणि आपल्याला इंग्रजी येतं अशी माझी ठाम समजूत होती. इतकी ठाम की डिक्शनरी उघडणं कमीपणाचं वाटे. एका धड्यात 'फाइव्ह ओ'क्लॉक शॅडो' आलं. बाईंनी लगेच फळ्यावर मावळता सूर्य काढला, तंबाखूचं रान काढलं, रानात लांबलचक पडलेली सावली काढली आणि ही बायका कामावरून घरी निघायची वेळ, असं पोरांना तासभर पटवलं. त्याचा अर्थ सकाळी दाढी केलेल्या माणसाच्या गालावर संध्याकाळी उगवलेले खुंट असा आहे, हे मला लग्नानंतर कळलं. नवऱ्यानं सांगितलं. स्वतःचा गाल पुढं करून, पुराव्यासकट सांगितलं.

पण बिरूद त्याचं नव्हे. आमचे हेडमास्तर निवृत्त झाले तेव्हाची ती गोष्ट. ते कानडी, आणि मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ बोलायचे. निरोपाचं भाषण कुठल्या भाषेत करायचं यावर स्टाफरूममध्ये बराच खल झाला. मराठीत केलं तर एक बाजू रुसणार, कानडीत केलं तर दुसरी. शेवटी ठरलं, इंग्रजीत करायचं. म्हणजे सगळे सारखेच अडाणी. आणि इंग्रजी म्हटल्यावर मी पुढं झालेच.

भाषण मी मनातल्या मनात मराठीत रचलं, सुंदर रचलं, आणि बोलताना त्याला नुसता इंग्रजी कोट चढवला. "सर, वुई ऑल ग्र्यू इन युवर शॅडो. मे युवर शॅडो ऑलवेज फॉल ऑन अस." हे म्हणताना मी रुमाल डोळ्यांना लावला. हेडमास्तरांनी डोळे पुसले. कानडीतही नेरळू म्हणजे आपलीच सावली, त्यामुळे त्यांना माझं सगळं नीट पोचलं. पण पाहुणे म्हणून आलेले धारवाडचे साहेब खरं इंग्रजी जाणणारे. ते उठले आणि म्हणाले, "या बिचाऱ्या शिक्षकांची मला दया येते. इतकी वर्षं यांच्या शॅडोत काढली! आजपासून तरी यांना थोडं ऊन मिळू दे." मग त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं की इंग्रजीत जो दुसऱ्याच्या शॅडोत असतो तो कुणाला दिसत नाही, तो वाढत नाही. सभागृह हसलं. हेडमास्तर डोळे पुसता पुसता हसले.

मी काय गप्प बसणार? चहाच्या वेळी साहेबांना गाठलं. "मग काय म्हणायला हवं होतं, सर?"

"अंडर युवर विंग."

"म्हणजे पंखाखाली? आम्ही काय कोंबडीची पिल्लं?"

साहेबांचा चहा शर्टावर सांडला. दुसऱ्या दिवशी आठवीच्या पोरांनी मला नवं नाव दिलं, आणि पोरांनी दिलेलं नाव निवृत्त होत नाही.

त्यानंतर मी त्या शॅडोचा पिच्छा पुरवला. इंग्रजीत पिच्छा पुरवण्यालाही शॅडो करणंच म्हणतात, तेही तेव्हाच कळलं. त्या भाषेत भित्रा माणूस स्वतःच्या शॅडोला भितो. खात्री असली की शंकेची शॅडोसुद्धा उरत नाही. आजारानं खंगलेला माणूस आपल्याच जुन्या रूपाची शॅडो होतो. एक शॅडो अशी सापडेना की जिच्याखाली घोंगडं टाकून घटकाभर पडावं. शेवटी एका जाडजूड डिक्शनरीच्या कोपऱ्यात आशीर्वाद मिळाला, 'मे युवर शॅडो नेव्हर ग्रो लेस'. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हा पूर्वेकडून आलेला. वाटलंच मला. ज्याच्या डोक्यावर ऊन तापतं त्यालाच हे सुचणार. धारवाडचे साहेब तोवर बदलून गेले होते, नाहीतर ते पान मी त्यांना वाचून दाखवलं असतं.

हे सगळं आता आठवायचं कारण माझी नात.

मी आता बेळगावात, टिळकवाडीत, लेकीकडं राहते. लेक दातांची डॉक्टर. घराच्या खालीच दवाखाना. माझी कवळी तिनंच बसवलीय, त्यामुळे मी जे बोलते ते तिच्याच कृपेनं, असं ती म्हणते. नातही दातांचीच डॉक्टर झाली आणि वर्षभर आईच्या शेजारच्या खुर्चीवर काम करत होती. काम म्हणजे काय, तर पेशंट आत येणार, तिच्याकडं बघून गोड हसणार आणि म्हणणार, "बेबी, मम्मी कुठाय?" तोंड उघडायला तयार नाहीत. एका काकूंनी तर दाढ दुखत असताना गाल धरून बसणं पत्करलं, पण बेबीला दाढ दाखवली नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी जेवताना लेकीनं नवा बोर्ड उलगडून दाखवला. वर तिचं नाव, खाली पोरीचं. अक्षरं सारख्या मापाची होती. लेकीनं ती मुद्दाम मोजून करून घेतली होती. मोठ्या हौसेनं तिनं तो भिंतीला टेकवून उभा केला.

नातीनं घास खाली ठेवला. "मम्मी, मला तुझ्या सावलीत नाही राहायचं. मी निपाणीत क्लिनिक काढतो. गाळा बघून ठेवलाय, त्यांना गुरुवारपर्यंत सांगायचंय."

आमच्याकडं बायकाही 'करतो, जातो' म्हणतात; पुण्याचे पाहुणे आले की त्यांचे कान टवकारतात. पण त्या दिवशी लेकीचे कान वेगळ्याच शब्दानं टवकारले.

"सावलीत नाही राहायचं?" ती म्हणाली. "बरं. उन्हात ऱ्हा."

आणि ताट उचलून आत गेली. आमटी तशीच वाटीत.

तिथून दोघींची बोलणी माझ्यामार्फत सुरू झाली. "आई, तिला सांग, गुरुवारी मी गाळा बघायला येणार नाही." "आजी, मम्मीला सांग, मी बोलवलंच नाही." दोघी माझ्या दोन अंगांना बसलेल्या, आणि मी मध्ये पोस्टासारखी. एरवी मला मजा आली असती. पण पोरगी निघणार हे दिसत होतं, आणि आईशी न बोलता निघाली तर त्या गाळ्याची पायरी आई कधी चढणार नाही, हेही दिसत होतं. माझी लेक आहे ती. तिचा हट्ट कुठून आला ते मला माहीत आहे.

मंगळवारी नात माझ्या खोलीत आली. डोळ्यांना निळसर आयशॅडो लावून रडली होती, त्यामुळे गालभर शॅडो झाली होती.

"आजी, मी काय वाईट बोललो? सगळेच म्हणतात की. लिव्हिंग इन समवन्स शॅडो. त्यात एवढं काय?"

मला हसू आवरेना. कवळी हातानं धरून हसले. पन्नास वर्षांपूर्वी मी मराठीतली सावली इंग्रजीत नेऊन सांडली होती, आणि आता ही इंग्रजीतली शॅडो मराठीत आणून सांडत होती.

"तू बोललीस मराठीत, म्हणालीस इंग्रजीत," मी सांगितलं. "मराठीत आईची सावली नको म्हणजे आईच नको. तुझ्या मम्मीला तेच ऐकू आलं."

"मग मराठीत काय म्हणायचं?"

मला माझं माहेर आठवलं. उचगावला आमच्या भाताच्या शेताच्या बांधावर चिंचेचं थोरलं झाड होतं. दुपारची भाकरी आम्ही त्याच्या सावलीत खायचो आणि त्याच झाडाखालचं भात पोचट यायचं, उंच वाढायचं पण ओंबीत दाणा नाही. आप्पा त्या पट्ट्याला सावट म्हणायचे. "सावटातलं हाय, न्हाय यायचं." झाड एकच. माणसाला सावली, पिकाला सावट.

"तुला म्हणायचं होतं सावट," मी म्हणाले.

"मग मी मम्मीला तसं सांगतो."

"सांग की. आणि सांगून झाल्यावर पळायला चप्पल घालूनच उभी ऱ्हा."

तिलाही हसू आलं. अडचण तीच होती. चुकीचा शब्द आईला लागला होता, आणि बरोबर शब्द त्याहून जास्त लागणार होता. म्हटलं, हे काम म्हाताऱ्या माणसाचं. म्हाताऱ्या माणसाला कुणी घरातून काढत नाही.

संध्याकाळी लेक दवाखाना बंद करून वर आली आणि स्वयंपाकघरात भाकरीचं पीठ मळायला लागली. मळत होती कसली, बडवत होती. मी स्टूल ओढून बसले आणि चिंचेची गोष्ट सांगितली. तिचे हात थांबले.

"म्हणजे मी सावट?"

"ती म्हणाली न्हाय. मी म्हणाले."

"वर्षभर तिला हाताला धरून शिकवलं. दुसरी खुर्ची घेतली. बोर्ड केला. आणि मी सावट?" तिचा आवाज फुटला. "आई, मी तुला कधी असं बोललो? सांग की! तुझ्याच शाळेत दहावीपर्यंत शिकलो, कधी बोललो?"

"न्हाईस बोललीस," मी म्हणाले. "तू नुसती बेळगावला निघून आलीस."

लेकीनं पिठाचा गोळा परातीत ठेवला.

शाळेत असताना ती गणितात पहिली आली तर लोक म्हणायचे, बाईंची पोरगी, येणारच. नाटकात पडली तर म्हणायचे, बाईंची पोरगी असून अशी कशी. दहावी झाल्यावर मी तिचं सगळं ठरवून टाकलं होतं: शिक्षिका व्हायचं, आमच्याच शाळेत यायचं, माझ्याच शेजारच्या खुर्चीवर बसायचं. ती म्हणाली, मला दातांचं डॉक्टर व्हायचंय. का, ते सांगितलं नाही. आणि त्या वेळच्या बाई, म्हणजे मीच, काय म्हणत होत्या माहीत आहे? शेजारणीच्या ओट्यावर बसून, पदरानं नाक पुसत, "माझ्या सावलीत हिला काय कमी होतं गं?" दर वर्षी त्या बाई दहावीच्या वर्गाला 'इन द शॅडो ऑफ' वाक्यात वापरून दाखवायला सांगायच्या. एका वर्षी स्वतःची लेक तिसऱ्या बाकावर बसून तेच वाक्य लिहीत होती. बाईंनी त्यात नुसतं स्पेलिंग तपासलं. दहापैकी नऊ दिले. माणूस आपल्या जुन्या रूपाची शॅडो होतो म्हणतात ना, माझ्या बाबतीत ते बरंच झालं. जुनं रूप फार आगाऊ होतं.

लेकीनं गोळा पुन्हा हातात घेतला. "कॉफी घेणार काय?" एवढंच विचारलं. आमच्या घरात याला बोलणं झालं म्हणतात.

गुरुवारी सकाळी तिनं गाडी काढली. "आई, तिला सांग, बस गाडीत. जिना बघायला पाहिजे. म्हातारी माणसं चढतील काय त्यावरून?" नात माझ्या शेजारीच उभी होती. तिनं ते माझ्याकडून ऐकायची वाट बघितली नाही.

गाळा औषधाच्या दुकानाच्या वर. लेकीनं त्याला एक चांगला शब्द दिला नाही. नळाला धार नाही. जिन्याला कठडा नाही. नातीनं खुर्ची कुठं ठेवणार ते दाखवलं तर म्हणाली, "खिडकीकडं पाठ करून? वाकलीस की तुझीच सावली पेशंटच्या तोंडात. काय दिसणार तुला? फिरव ती." मग खिडकीबाहेर बघत, कुणालाच उद्देशून नाही असं दाखवत, पुढं बोलली, "दुसऱ्या खुर्चीसाठी तो शॅडोलेस दिवा मागवलाय, तो इकडं लाव. मला एकच खुर्ची पुरे आहे."

"मम्मी," नात म्हणाली आणि खुर्चीची नवी जागा पावलांनी मोजायला लागली.

दवाखाना उघडला त्या दिवशी बोर्डावर एकच नाव होतं. मी नटूनथटून पेशंटच्या बाकड्यावर जाऊन बसले. पहिला पेशंट आला तो साठी उलटलेला, गालावर पांढरे खुंट, हातात टोपी. नातीनं त्याला खुर्चीवर बसवलं. त्यानं 'बेबी' म्हटलं नाही, मम्मी कुठाय विचारलं नाही. सरळ तोंड उघडलं. नातीच्या चेहऱ्यावर जे उजाडलं ते मी डोळे भरून बघत होते. एवढ्यात त्याची नजर वळली आणि बाकड्यावर पडली.

"आगाईगं! शॅडो बाई!" तो उठून बसला. "वळखलं काय मला? आठवीत तुमच्याच वर्गात हुतो! ही पोरगी तुमची नात व्हय? मग काय बघायचं! बाईंची नात म्हटल्यावर काळजीच न्हाय!"

नातीनं हातातला आरसा खाली केला आणि माझ्याकडं बघितलं. आईच्या सावटातून पळून ती थेट आजीच्या सावटात येऊन पडली होती.

"गप बस आणि तोंड उघड," मी त्याला वर्गातल्या आवाजात म्हणाले. "मी हिची कोण न्हाय. जिना चढून दमलो म्हणून टेकलोय." आणि उठून खाली आले.

खाली रस्त्याकडेला गाडीत लेक बसली होती. सकाळपासून वर आली नव्हती.

"वर का न्हाय आलीस गं?"

"तू का खाली आलीस?"

मी दार उघडून शेजारी बसले. भर दुपार होती, आणि गाडी तिनं नेमकी उन्हात लावली होती.