मोरी बंद

आज बाथरूमची मोरी तुंबली. कामाला आलेल्या माणसानं तार घालून ती मोकळी केली, तसा कुजका, शेवाळी वास घरभर पसरला आणि मी थेट लोहारा गावातल्या आमच्या लहानपणीच्या घरात जाऊन पोचले.

अप्पा खाटेवर होते. निजामी गेल्यावर उर्दू सोडून शाळेत इंग्रजी शिकवायला लागलेले अप्पा, आता पाण्याच्या घोटानंही धापा टाकत होते. डॉक्टरांनी त्यांची नाडी पाहिली आणि सोबतच्या कंपाउंडरला हळूच एवढंच म्हणाले, ‘मॉरिबंड.’

डॉक्टर गेल्यावर आईनं अप्पांना विचारलं, ‘मोरी बंद म्हनले न्हाय का हो? तुंबलीय खरी. त्या घाणीनंच ताप चढला असंल.’

अप्पांनी तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाले, ‘व्हय. तेच म्हनले.’

आईनं पदर खोचला, वेळूची काठी घेतली आणि मोरीपाशी बसली. बऱ्याच वेळानं पाणी गुडगुडत निघून गेलं.

‘मोकळी झाली बघा!’ ती तिथूनच ओरडली. कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात हसू होतं. मी खाटेशी उभी होते. अप्पांनी तोंड भिंतीकडं वळवलं.

त्याच आठवड्यात ते गेले.

डॉक्टरांच्या त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ मला कॉलेजात कळला. मरणाला टेकलेला. अप्पांनी जन्मभर पोरांना अर्थ सांगितले. हा एकच चुकीचा सांगितला.

तोवर आईही गेली होती. जाईपर्यंत म्हणायची, ‘म्या मोरी आधीच काढली असती, तर माणूस वाचलं असतं.’