एकोणसाठ म्हणजे किती?

आमची कंपनी कॉम्प्युटरचा कागद विकायची. पुण्यात रोज नवी ऑफिसं उघडत होती, त्यांचे प्रिंटर दिवसभर करकरत होते आणि कसबा पेठेतलं आमचं गोदाम पुरेनासं झालं होतं. नवी जागा ठरवायचं काम माझ्याकडे आलं. निकषांना वजन देऊन पर्याय निवडायची पद्धत मी कॉलेजात शिकले होते आणि मला नाही म्हणता येत नसे. मी नोकरीत कायम होणार की नाही, तेही यावरच ठरणार होतं.

जागा दोन. एक लोणी काळभोरला, दुसरी खडकवासल्याच्या अलीकडे. साहेबांना खडकवासला हवं होतं. दर रविवारी ते धरणावर भजी खायला जातात, हे ऑफिसला माहीत होतं. माझ्या तक्त्यात भज्यांचा रकाना नव्हता.

ओल, रस्ता, ट्रक वळवायला जागा यांना शंभरपैकी गुण दिले गोदामाच्या काकांनी. लोणीला सरळ चाळीस, पन्नास, साठ. खडकवासल्याला मात्र एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ.

"एकेक गुण कमी का?"

"धरण काय माझा जावई आहे?"

मी मुकाट्यानं लिहून घेतलं. खडकवासला थोडक्यात जिंकलं. साहेब खूश.

मीटिंगच्या सकाळी काकांनी तक्ता डोळ्यांजवळ धरला.

"ओलीला थर्टी नाइन? मी एकोणतीस म्हणालो होतो."

"तेच आहे ना, काका?"

"अहो मॅडम, एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. तुमच्या शाळेत तिसाच्या नंतर येत असेल, आमच्याकडे आधी येतो."

माझे कान तापले. प्रत्येक 'एकोण'ला मी दहा गुण फुकट वाटले होते. दुरुस्त केल्यावर लोणी सहज पुढे गेलं. गप्प राहिले असते तर साहेब खूश राहिले असते आणि पावसाळ्यात कागदाचा लगदा झाला असता.

मीटिंगमध्ये मी उभी राहिले. "सर, माझी चूक झाली. मला मराठी आकडे येत नाहीत. एकोणसाठला मी सिक्स्टी नाइन लिहिलं."

साहेबांनी तक्ता पाहिला, मग छत पाहिलं.

"मग किती असतं?"

सेल्सवाल्यांनी आपापली पेनं तपासायला घेतली.

"फिफ्टी नाइन," मी म्हणाले.

गोदाम लोणीला गेलं. मला कायम केल्याचं पत्र देताना साहेबांनी एक कामही दिलं: एक ते शंभर आकडे अक्षरांत लिहून द्यायचे.

"स्टाफसाठी," ते म्हणाले.

प्रत एकच हवी होती.