तलावाचा पक्का काठ

आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, तलावाचा काठ पक्का झाला, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद आम्हा बायांनाच झाला. नवरात्रात उगवलेली गव्हाची रोपं, म्हणजे जवारा, विसर्जन करताना पाय घसरायचे, म्हणून काठ बांधून द्या असं आम्हीच म्हटलं होतं. चिखल काढून चारी बाजूंनी सिमेंटच्या पायऱ्या केल्या.

हिवाळ्यात लांब चोचीचे परदेशी पक्षी आले. दरवर्षी ते त्या चिखलात चोच खुपसून किडे शोधत. यंदा नुसते घिरट्या घालत राहिले.

सासूबाई आजारी. खिडकीतून पक्षी पाहणं एवढाच त्यांचा विरंगुळा.

"काहून उतरून नाही राहिले वं?"

"आई, चिखलच नाही ना आता."

"मंग एखादा कोपरा तरी तसाच ठेवाचा होता."

पक्षी निघून गेले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी खाट खिडकीपासून हलवायला लावली.